लॉबीतला चौथा माणूस

"मावशी, दहा लाख लागतील." भाच्याने फोनवर आकडा आधी सांगितला आणि कारण नंतर. सहकारी बँकेच्या कर्ज विभागात 31 वर्षं काढल्यामुळे मला हे आवडलं. कर्ज मागायला आलेला माणूस आधी पाऊण तास घरच्या अडचणी सांगत बसला की माझा जीव धास्तावायचा. ह्याने सरळ सांगितलं. कंपनीची किंमत सव्वा कोटी धरली आहे, 10 लाखांना 8 टक्के शेअर, आणि पैसे एक ऑनलाइन गेम पूर्ण करायला हवेत.

त्याने दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली हे मला माहीत होतं. कर्वेनगरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये तिघा मित्रांबरोबर काहीतरी करतो, इतकंच बहिणीकडून कळायचं, तेही दबक्या आवाजात. माझ्याकडे निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम मुदत ठेवीत होती. त्यातली एक ठेव दिवाळीनंतर पिकणार होती. त्यालाही ते माहीत असणार, आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही. पैसे आहेत तिथेच माणूस मागतो.

ह्यांना सांगितलं तर ह्यांचा पहिला प्रश्न, "ते रमीवालं का?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने मोबाइलवरच्या असल्या खेळात वडिलांची म्हैस विकलेले पैसे घालवलेले मी पाहिले आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ बंद केले, मग त्यात नशीब असो की कौशल्य. बँकांनी त्यांचे व्यवहारही करायचे नाहीत. खेळायला मिळावं म्हणून एकदा किंवा दरमहा पैसे घेणारा साधा खेळ मात्र चालतो. त्या पैशाला पैजेचं रूप असता कामा नये, एवढीच अट. म्हणून मी भाच्याची योजना मागवली आणि पहिल्यांदा फक्त हेच शोधलं. खेळ विकत घ्यायचा होता, तिथे अडचण नव्हती. पण अकराव्या पानावर होतं, "दर रविवारी स्पर्धा, प्रवेश 50 रुपये, जिंकणाऱ्या होडीला बक्षीस." मी फोन करून सांगितलं, हे पान काढल्याशिवाय पुढचं बोलणं नाही. ई-स्पोर्ट्सच्या, म्हणजे संगणकावरच्या कौशल्याच्या खेळांच्या, स्पर्धांना कायद्यात वेगळी जागा आहे, पण त्यासाठी मान्यता आणि नोंदणी लागते. चार पोरांच्या कंपनीने रविवारची हौस म्हणून त्यात पडू नये. त्याने त्याच संध्याकाळी ते पान काढलं.

मग मी पुण्याला गेले. कागदावर कर्ज मंजूर करायचं नाही, जागेवर जाऊन बघायचं, ही माझी जुनी सवय. फाउंड्री असो, गुऱ्हाळ असो, द्राक्षबाग असो, बघितल्याशिवाय सही नाही. इथे बघायला काय असणार असं वाटत होतं. दोन खोल्या, चार टेबलं, खिडकीत वाळत घातलेले टॉवेल, भिंतीवर चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, "पाणी अजून खोटं वाटतं."

खेळ पुराचा आहे. नदीकाठचं गाव, पाणी चढतंय, रात्र आहे, आणि चार जणांनी मिळून माणसं, जनावरं, सामान उंचावर न्यायचं. हे चौघं चार वेगळ्या घरी आपापल्या कॉम्प्युटरवर बसलेले असतात. सुरुवातीला होडीसुद्धा नसते, गुळाची काहील, म्हणजे गूळ करायची मोठी कढई, असते. कृष्णा-वारणेच्या काठी ज्याने पूर पाहिला आहे त्याला हे सांगायला नको. होडी नसली की गुऱ्हाळातली काहील पाण्यात लोटायची आणि तिच्यात बसून पलीकडे जायचं. गोल असल्यामुळे एकाच बाजूने वल्हं मारलं की ती जागच्या जागी गरगर फिरते. सगळा खेळ ह्या फिरण्यावर उभा आहे. चौघांनी एका लयीत वल्हं मारलं तरच काहील पुढे जाते. एक जण घाईत आला की सगळे गोल गोल.

मला त्यांनी हेडफोन दिला. दुसरा खेळाडू भाचा, तिसरी सर्व्हरचं, म्हणजे खेळाडूंना जोडणाऱ्या मधल्या मशीनचं, काम बघणारी मुलगी, चौथा चित्रं आणि आवाज जमवणारा मुलगा. पहिली दहा मिनिटं आम्ही फक्त फिरत होतो. मग त्या मुलीने "हं... हं... हं..." असा ठेका धरला आणि काहील सरळ निघाली. अंधारात एका माडीच्या खिडकीत कंदील हलत होता. आम्ही तिथे पोचलो, दोन माणसं घेतली. मागून एक म्हातारी हाक मारत होती. मी म्हणाले, तिलाही घ्या. घेतली. काठापासून वीसेक हातांवर काहील कलंडली.

मी हेडफोन काढून ठेवला.

2019 च्या ऑगस्टमध्ये आम्ही सांगलीच्या गावभागात होतो. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फुटांची, आणि त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. तीन रात्री आम्ही वरच्या मजल्यावर काढल्या. खाली पाण्याचा आवाज नसतो, हे ज्याने अनुभवलं नाही त्याला खरं वाटत नाही. पाणी आवाज न करता जिना चढतं. चौथ्या दिवशी बोट आली तेव्हा बोटीतल्या माणसाने "सातच" म्हणून हात आडवा धरला आणि आठवी असलेली शेजारची काकू मागे राहिली. पुढच्या फेरीत तीही आली. पण तो आडवा हात मी विसरलेले नाही. त्याच आठवड्यात, 8 ऑगस्टला, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली आणि बायका-मुलं गेली.

मी त्यांना विचारलं, ह्याचा खेळ करायचा का? चित्रांचं काम करणारा मुलगा शिरोळ तालुक्यातला निघाला. तो म्हणाला, "काकू, आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. पुण्यातल्या मित्रांना सांगितलं की ते 'बापरे' म्हणायचे आणि विषय संपायचा. खेळताना मात्र 'हिला घ्यायचं की नाही' हे त्यांना ठरवावं लागतं." मला हे पटलं. पैसे परत येतील की नाही हा प्रश्न अजून बाकीच होता, पण ही वस्तू जगात असावी एवढं मी त्या दुपारी ठरवून टाकलं. हे दोन निर्णय वेगळे ठेवायला मला पुढे महिनाभर त्रास झाला.

त्या रात्री मी फ्लॅटवरच राहिले. मंगळवार होता. चाचणीसाठी त्यांनी 300 च्या वर लोकांना खेळ दिला होता आणि आकडे चांगले होते. एकदा खेळलेल्यांपैकी बरेच जण दुसऱ्या दिवशी परत आले होते, लोक तासतासभर खेळले होते. रात्री 11 वाजता मी भाच्याला म्हटलं, तुमच्यापैकी कोणी आत जाऊ नका, मला नुसतं बघू दे.

लॉबी म्हणजे खेळ सुरू होण्याआधी थांबायची जागा. पडद्यावर घाट, पायऱ्या, पाऊस, आणि वर आकडा. 11 वाजून 4 मिनिटांनी "2/4" होतं. 11 वाजून 9 मिनिटांनी तिसरा आला. तिघं पायरीवर उभे. एकाने आपल्या माणसाला उडी मारायला लावली, दुसऱ्याने उडी मारली. वेळ घालवत होते. 11 वाजून 16 मिनिटांनी एकाने लिहिलं, "कुणी आहे का?" 11 वाजून 21 मिनिटांनी तो गेला. पुन्हा "2/4". साडेअकराला घाट रिकामा, पाऊस चालू.

भाचा शेजारी बसून बघत होता. आधी कधी असं बघितलं होतंस का विचारलं, तर मान हलवून नाही म्हणाला. ते नेहमी चौथे म्हणून आत जात होते. चाचणीतल्या चांगल्या आकड्यांमध्ये त्यांनी स्वतः भरलेली जागा किती होती, हे त्यांनी मोजलंच नव्हतं. त्याच्यावर रागवावं असं मला वाटलं नाही. स्वतःच्या दुकानात स्वतःच गिऱ्हाईक होणारे मालक मी पुष्कळ पाहिलेत, आणि त्यातले बहुतेक प्रामाणिकच असतात.

माझा सगळा विचार त्या घाटावर येऊन थांबला. खेळ चांगला आहे ह्यात शंका नव्हती. पण एकट्याने खेळायचा खेळ हा पुस्तकासारखा, घेणाऱ्याने घेतला की त्याचा. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला 'राजी' घ्या. 2017 मध्ये किकस्टार्टर ह्या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावरची त्यांची वर्गणी उद्दिष्टापर्यंत पोचली नाही, तरी 2020 मध्ये खेळ आला आणि जगभर गेला. तो घेणाऱ्याला दुसऱ्या कोणाची वाट बघावी लागत नाही. ऑनलाइन खेळ हा आठवडी बाजारासारखा. माल कितीही उत्तम असो, माणसं त्याच दिवशी त्याच वेळी आली पाहिजेत. सोनीसारख्या कंपनीने 23 ऑगस्ट 2024 ला काढलेला 'कॉन्कॉर्ड' खेळणारेच नाहीत म्हणून 6 सप्टेंबरला बंद केला आणि लोकांचे पैसे परत दिले. तिथे पैशाची कमतरता नव्हती.

भाच्याने 'अमंग अस'चं उदाहरण पुढे केलं. तीन जणांची कंपनी, 2018 चा खेळ, दोन वर्षं कोणी विचारलं नाही आणि 2020 मध्ये अख्खं जग खेळायला लागलं. मी म्हटलं, ते खरं आहे, पण ती दोन वर्षं ते टिकले कसे, ते सांग. तुझे 10 लाख किती महिने पुरतात?

हिशेब आम्ही स्वयंपाकघरातल्या ओट्यावर केला. चौघांना प्रत्येकी 25,000, भाडं 22,000, सर्व्हर 18,000, किरकोळ 5,000. महिन्याला 1,45,000. म्हणजे माझी ठेव सात महिन्यांच्या आत संपणार. खेळाची किंमत 349 रुपये. त्यातून कर गेला, उरलेल्यातला 30 टक्के वाटा स्टीमचा, म्हणजे खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचा. शिवाय घेतल्यापासून 14 दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळलं असेल तर स्टीम पैसे परत देतं. लॉबीत कंटाळलेला माणूस नेमका ह्याच खिडकीतून बाहेर पडणार. हातात 200 रुपये धरले तर महिना भागवायला 725 प्रती, दर महिन्याला. परदेशात किंमत जास्त मिळते हे भाच्याने सांगितलं, पण मी कमीच धरलं.

एक गोष्ट मला टोचत होती. विकलेल्या प्रतीचे पैसे एकदाच येतात आणि सर्व्हरचं बिल दर महिन्याला येतं. पगार थांबवता येतात, माणसं दुसरीकडे नोकरी करून रात्री काम करतात. सर्व्हर थांबला तर विकलेली प्रत्येक प्रत मेली. 'द क्रू' नावाचा मोठ्या कंपनीचा खेळ 31 मार्च 2024 ला बंद झाला तेव्हा पैसे मोजून घेतलेल्यांच्या हातात काही उरलं नाही, आणि त्यावरून युरोपात मोठी चळवळ उभी राहिली. मी त्या सर्व्हरवाल्या मुलीला विचारलं, बाई गं, हा सर्व्हर हवाच कशाला? आम्ही घरी पत्ते खेळायचो तेव्हा ज्याच्या घरी बसू त्याची सतरंजी.

ती एकदम सरसावून बसली. म्हणाली, हेच मी सहा महिने सांगतेय. चौघंही एकाच बाजूचे, कोणी कोणाला हरवायचं नाही, म्हणजे लबाडी रोखायला मधे आपली मशीन ठेवायची गरज नाही. चौघांपैकी एकाच्या कॉम्प्युटरवर खेळ चालवायचा आणि बाकीच्यांनी त्याला जोडून घ्यायचं. स्टीमवर खेळ काढणाऱ्यांना जोडणीची ही सोय फुकट मिळते. सर्व्हर ठेवला होता तो गुणांच्या यादीसाठी आणि अनोळखी लोकांना एकत्र आणण्यासाठी. भाचा म्हणाला, मोठा खेळ वाटायला सर्व्हर हवा. मग तोच गप्प झाला.

परत सांगलीला आल्यावर मी कागद मागवले, आणि इथे वेगळंच निघालं. काहील, घाट, कंदील, ती म्हातारी, ही सगळी मूळ चित्रं कोल्हापूरच्या एका चित्रकाराने काढलेली. त्याला 40,000 रुपये यूपीआयने दिले होते, कागद काहीच नाही. पैसे दिले म्हणजे चित्र आपलं झालं असं ह्या मुलांना वाटत होतं. आपल्याकडच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे असं बाहेरून करून घेतलेलं काम बहुतेक वेळा काढणाऱ्याचंच राहतं. पैसे देऊन काढून घेतलेल्या पेंटिंगला अपवाद आहे, पण ही चित्रं त्यात बसतात की नाही ह्यावर वाद निघू शकतो. ते निर्विवाद कंपनीचं व्हायला त्याची सही असलेला लेखी करार लागतो. त्यातही मुदत लिहिली नाही तर हक्क पाच वर्षांचाच धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरताच. जगभर विकायच्या खेळाला हे कसं चालणार? मीच भाच्याला घेऊन त्या चित्रकाराकडे गेले. त्याने चहा केला, करार वाचला, आणि एवढंच म्हणाला की नाव यायला हवं. खेळ सुरू होताना त्याचं नाव पहिल्या पडद्यावर येईल असं करारात घातलं आणि वर 20,000 ठरवले. तो माणूस अडवून बसला असता तर खेळ विकण्याआधीच वादात अडकला असता.

भाच्याच्या डोक्यात आणखी एक होतं. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर योजना टाकायची आणि 40 जणांकडून 25,000 घ्यायचे. मी ते थांबवलं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला शेअर विकायची अशी जाहिरात करता येत नाही. ठरलेल्या माणसांनाच नावाने पत्र द्यायचं, वर्षात 200 च्या वर नाहीत, पैसे बँकेतूनच, तेही वेगळ्या खात्यात, आणि 60 दिवसांत शेअर द्यायचे नाहीतर पैसे परत. आमच्या सीएंनी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवालही मागितला. सव्वा कोटी कुठून आले ह्यावर मी फारशी भांडले नाही. इथे पैसे बुडाले तर ते किंमत चुकीची धरल्यामुळे बुडणार नाहीत, घाट रिकामा राहिल्यामुळे बुडतील.

सीए म्हणाले, "ताई, आलेच नाहीत असं धरून द्या." बहीण म्हणाली, "देऊ नकोस. बुडाले तर त्याला तुझ्या दारात यायची लाज वाटेल." तिचं म्हणणं मला सीएंपेक्षा जड वाटलं. दोन रात्री झोप लागली नाही. शेवटी तिलाच विचारलं, नाही दिले तर येईल का तो दारात? ती काही बोलली नाही.

मी 5 लाख ठरवले. भाच्याने मागितले त्याच्या निम्मे. बुडाले तर माझं औषधपाणी आणि घर अडत नाही, असा हा आकडा. तेही दोन भागांत, आधी अडीच लाख, त्याच भावाने 2 टक्के. उरलेल्या अडीच लाखांचं पत्र वेगळं, कारण घेतलेले पैसे अडकवून ठेवता येत नाहीत. अटी मी हाताने लिहिल्या आणि वकिलांनी त्या करारात उतरवल्या. सर्व्हर काढायचा आणि खेळ खेळाडूंच्या मशीनवर चालवायचा, म्हणजे कंपनी उद्या राहिली नाही तरी घेणाऱ्याचा खेळ राहील. दोघांनाही खेळता यावं आणि एकट्यालाही, मग एकट्याची काहील जास्त फिरली तरी हरकत नाही. आणि पुढचे आठ मंगळवार रात्री 11 वाजता, कंपनीचं कोणी आत न जाता, सगळ्या लॉब्यांत मिळून किती माणसं आहेत ते लिहून ठेवायचं. दुसरा भाग त्या वहीवर ठरेल.

भाच्याला निम्म्या आकड्याने वाईट वाटलं. फोनवर बराच वेळ काही बोलला नाही, मग "बरं मावशी" म्हणाला. मलाही वाईट वाटलं. त्या मुलीने मात्र तिसऱ्याच आठवड्यात दोघांनी खेळायचा भाग तयार करून पाठवला. ह्यांना शेजारी बसवून मी तो खेळले. ह्यांनी आयुष्यात कधी वल्हं धरलं नाही, पण ठेका पहिल्या फेरीतच पकडला. म्हातारीच्या खिडकीशी पोचलो तेव्हा काहिलीत आधीच दोन माणसं होती. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, आधी ह्यांना सोडू, मग परत येऊ. परत जाईपर्यंत पाणी खिडकीच्या खाली होतं. म्हातारी होती.

मंगळवारची वही माझ्याकडेच आहे. पाच आकडे झालेत, 3, 2, 5, 4 आणि काल रात्रीचे 6. काल सातवी मी होते, पण स्वतःला मी मोजलेलं नाही.